जाळीदार हाडात कोणता स्क्रू टिकतो? कॉर्टिकल, कॅन्सेलस, लॉकिंग आणि सिमेंटचा स्क्रू

हाडाच्या स्क्रूंचा कुठलाही कॅटलॉग उघडा, एक आकडा ठळक छापलेला दिसेल: पुलआउट. स्क्रू सरळ रेषेत उपसून काढायला किती न्यूटन जोर लागला, एवढंच तो सांगतो. आकडा खोटा नसतो. पण विरळ झालेल्या हाडातला स्क्रू असा सरळ उपसून क्वचितच बाहेर येतो. एक तर तो बसवताना शेवटच्या पाव फेऱ्यात हाडातले आटे मारतो, म्हणजे हाडात पाडलेल्या खाचा कापून टाकतो, आणि जागच्या जागी फिरत राहतो. नाहीतर बसवल्यानंतर पावलागणिक आडवा डुलत स्वतःचं भोक मोठं करत जातो. म्हणून इथे पुलआउटला सगळ्यात मागची जागा दिली आहे. आटे मरण्याआधी हाताला किती वाव मिळतो, आडव्या भाराखाली स्क्रू किती डुलतो आणि पुढे काढायची वेळ आली तर किती छळतो, हे आधी पाहिलं आहे.

परीक्षेला घेतलेला माल नेहमीचाच. मोठ्या सेटमधले ४.५ मिमी कॉर्टिकल (हाडाच्या टणक कवचासाठीचा, उथळ आट्यांचा), ६.५ मिमी कॅन्सेलस (जाळीदार हाडासाठीचा, खोल आट्यांचा) आणि ५.० मिमी लॉकिंग (ज्याचं डोकं प्लेटमध्ये आट्यांनी अडकतं). छोट्या सेटमधले ३.५ कॉर्टिकल आणि ४.० कॅन्सेलस. शिवाय गाईड वायरवरून जाणारा पोकळ स्क्रू आणि बाजूला भोकं असलेला सिमेंटचा स्क्रू. पाकिटावर आयएसओ ५८३५ या आंतरराष्ट्रीय मानकाची खूण असेल तर ‘एचए’ म्हणजे उथळ आट्यांचा आणि ‘एचबी’ म्हणजे खोल आट्यांचा. प्रत्येक कंपनी आपापली गोंडस नावं देते, तेव्हा ही दोन अक्षरं बघितलेली बरी.

स्क्रूचा आटा ज्याला धरतो ते जाळीदार हाड म्हणजे ०.१ ते ०.२ मिमी जाडीच्या हाडकाड्यांची जाळी. मधल्या पोकळ्या निरोगी हाडात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या, विरळ हाडात एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या. ६.५ कॅन्सेलसच्या दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, २.७५ मिमी. याचा अर्थ विरळ हाडात दोन आट्यांच्या मध्ये जेमतेम दोन-तीन पोकळ्या मावतात आणि प्रत्येक आटा मोजक्याच काड्यांवर टेकलेला असतो. त्यात भर म्हणजे हाडाची दाबाखालची ताकद घनतेच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात बदलते. घनता निम्मी झाली की ताकद निम्मी राहत नाही, चौथाईवर येते. हाडांच्या घनतेच्या तपासणीतला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं, ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ पासूनची व्याख्या. पण तो आकडा मणक्याचा किंवा खुब्याचा असतो. स्क्रू जिथे जाणार त्या खांद्याच्या गोळ्यातलं किंवा टाचेतलं हाड त्यावरून सांगता येत नाही.

स्क्रूंची चाचणी माणसाच्या हाडात फारशी होत नाही, कारण दोन हाडं एकसारखी नसतात. ती होते पॉलियुरेथेन फोमच्या ठोकळ्यात. हा ठोकळाही विकत मिळणारी वस्तूच असल्यामुळे त्याचीही परीक्षा इथेच करून टाकू. एएसटीएम एफ१८३९ या मानकात त्याचे ग्रेड ठरलेत: ५, १०, १२, १५, २० असे ५० पर्यंत. ग्रेडचा आकडा म्हणजे एका घनफुटाला किती पौंड वजन. त्याला १६ ने गुणलं की किलो प्रति घनमीटर मिळतात. म्हणजे ग्रेड २० चा ठोकळा ३२० किलोचा आणि ग्रेड १० चा १६० किलोचा. दाबाखालची ताकद पहिल्याची साधारण ८.४ मेगापास्कल, दुसऱ्याची २.२. वर्गाचा नियम इथेही जवळजवळ तंतोतंत दिसतो. चांगल्या हाडासाठी ग्रेड २० आणि विरळ हाडासाठी ग्रेड १० किंवा त्याखालचा घेण्याची प्रथा आहे. स्क्रूच्या चाचणीचं मानक एएसटीएम एफ५४३. त्यात स्क्रू मिनिटाला ३ फेऱ्यांच्या गतीने २० मिमी आत घालायचा आणि मिनिटाला ५ मिमी या गतीने ओढायचा. कॅटलॉगमध्ये पुलआउटचा आकडा आहे पण फोमचा ग्रेड आणि आत गेलेली लांबी छापलेली नाही, तर तो आकडा तिथेच सोडून द्यावा. ग्रेड न सांगता दोन स्क्रूंची तुलना करणाऱ्या विक्रेत्याला आधी ग्रेड विचारा. पुढचं संभाषण बरंच आटोपशीर होतं.

आता प्रत्येक स्क्रूची मापं. ४.५ कॉर्टिकलचा गाभा, म्हणजे आट्यांच्या आतला दांडा, ३.१ मिमी, पिच १.७५, ड्रिल ३.२ चं. ६.५ कॅन्सेलसचा गाभा ३.० मिमी, पिच २.७५ आणि ड्रिल तेच, ३.२ चं. ५.० लॉकिंगचा गाभा तब्बल ४.४ मिमी, पिच १ मिमी, ड्रिल ४.३ चं. म्हणजे कॅन्सेलसचा आटा गाभ्यापासून पावणेदोन मिलिमीटर बाहेर येतो, कॉर्टिकलचा ०.७ आणि लॉकिंगचा केवळ ०.३.

सरळ ओढीचा अंदाज बांधायला एक सूत्र आहे आणि ते हाताशी ठेवण्यासारखं आहे. फोमची कर्तनताकद (कापलं जाण्याविरुद्धची ताकद) गुणिले पाय (π, ३.१४), गुणिले बाहेरचा व्यास, गुणिले हाडात गुंतलेली लांबी, गुणिले आट्याच्या आकाराचा गुणक. हा गुणक म्हणजे ०.५ अधिक ०.५७७ पट (आट्याची खोली भागिले पिच). गणित केलं तर ६.५ कॅन्सेलसचा गुणक ०.८७ येतो, ४.५ कॉर्टिकलचा ०.७३ आणि ५.० लॉकिंगचा ०.६७. ग्रेड १० ची कर्तनताकद साधारण १.६ मेगापास्कल धरली आणि २० मिमी लांबी घेतली तर कॅन्सेलसला ५६०-५७० न्यूटन मिळतात, कॉर्टिकलला ३३० आणि लॉकिंगला ३४०. ग्रेड २० मध्ये हेच आकडे दीड हजार, नऊशेच्या किंचित आत आणि नऊशेच्या किंचित वर जातात.

हे आकडे नीट वाचले तर दोन गोष्टी लक्षात येतात. एक, कॅन्सेलस स्क्रू सरळ ओढीत कॉर्टिकलच्या १.७ पट सरस आहे आणि त्यातला मोठा वाटा निव्वळ बाहेरच्या व्यासाचा आहे. खोल आट्याचं कौतुक होतं त्या मानाने त्याचा हिस्सा लहान. दोन, लॉकिंग स्क्रूची हाडावरची पकड ४.५ च्या साध्या स्क्रूपेक्षा नावालाच जास्त आहे. ‘लॉकिंग स्क्रू ठिसूळ हाडात घट्ट बसतो’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं, पण सरळ ओढीपुरतं तरी ते चूक आहे. तो चांगला आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे आणि ते ओढीच्या आकड्यात सापडत नाही.

जमिनीत ठोकलेली खुंटी काढायची असली की कोणी ती सरळ वर उपटत बसत नाही; चार बाजूंनी हलवतात आणि मग ती दोन बोटांनी निघते. मोडलेल्या हाडावर स्क्रूंनी बसवलेली धातूची पट्टी, म्हणजे प्लेट, भाराखाली स्क्रूला नेमकं हेच करते. साध्या प्लेटमध्ये स्क्रूचं डोकं प्लेटच्या भोकात नुसतं टेकलेलं असतं. प्लेट जागेवर राहते ती घर्षणामुळे, आणि घर्षण मिळतं ते स्क्रूने प्लेट हाडावर दाबून धरल्यामुळे. समजा विरळ हाडात एका स्क्रूने ५०० न्यूटनचा दाब दिला आणि घर्षणाचा गुणांक ०.३५ धरला, तर त्या स्क्रूच्या वाट्याला सरकण्याविरुद्ध १७५ न्यूटन येतात. असे चार स्क्रू मिळून ७००. एका माणसाचं वजन जवळपास तेवढंच असतं, आणि चालताना पायावर त्याच्याहून जास्त भार येतो. शिवाय हा दाब टिकून राहत नाही. आट्याखालचं हाड हळूहळू दबतं आणि स्क्रू न फिरताही त्याची ओढ कमी होते. मग प्लेट सरकते, डोकं भोकात कलतं, आणि स्क्रूचं टोक गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखं पंख्याच्या आकारात हाड खरवडत जातं. एक्स-रेवर स्क्रूभोवती काळी कड दिसते ती याचीच.

लॉकिंग स्क्रूचं डोकं प्लेटमध्ये आट्यांनी बसतं, त्यामुळे कोन बदलत नाही. प्लेटला हाडावर दाबून धरायची गरज उरत नाही, म्हणजे घर्षणाचं वरचं सगळं गणित बाद होतं. आणि जाड गाभा इथे कामाला येतो: वाकण्याविरुद्धचा ताठपणा गाभ्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. ४.४ भागिले ३.१ चा चौथा घात चार येतो. चौपट ताठ स्क्रू वाकत नाही, त्यामुळे भार प्लेटजवळच्या पहिल्या दोन-तीन आट्यांवर न साचता पूर्ण लांबीवर पसरतो. शिवाय असे सगळे स्क्रू एकत्र काम करतात. एक एक करून सुटत नाहीत. सुटायचं झालं तर आख्खी फळी हाडाच्या तुकड्यासकट बाहेर यावी लागते. ठिसूळ हाडात प्लेट लावायची असेल तर आमची पहिली पसंती यालाच.

तरी त्याची शिस्त कडक आहे. ड्रिल गाईड प्लेटच्या भोकात पूर्ण आट्यांनी बसवूनच भोक पाडायचं. मोठ्या स्क्रूला ४.३ चं ड्रिल, ३.५ च्या लॉकिंगला २.८ चं. हाताने अंदाजे कोन धरून पाडलं आणि स्क्रू ५ अंशांहून जास्त तिरका गेला की डोक्याचे आटे तिरपे चढतात. स्क्रू बसल्यासारखा वाटतो, पण कोन धरून ठेवायची ताकद बरीच घसरलेली असते. शेवटचा पीळ टॉर्क लिमिटरनेच, म्हणजे ठरलेल्या पिळाला सुटणाऱ्या ड्रायव्हरनेच: मोठ्याला ४ न्यूटन-मीटर, छोट्याला दीड. पॉवर ड्रिलने शेवटपर्यंत आवळू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लॉकिंग स्क्रू तुकडा ओढून जवळ आणत नाही. डोकं प्लेटमध्ये अडकलं की तिथलं अंतर तसंच राहतं. त्यामुळे तुकडे दाबून जुळवायचे असतील तर साधा स्क्रू आधी, लॉकिंग नंतर. उलट क्रमाने केलेली जोडणी एक्स-रेवर देखणी दिसते आणि फटीत हाड भरत नाही. प्लेट हाडापासून दोन मिलिमीटरपर्यंत उचललेली चालते. पाच मिलिमीटर उचलली तर स्क्रूच्या उघड्या भागावर वाकण्याचा ताण येतो आणि जोडणी भाराखाली लवकर दगा देते.

आता भोक आणि पीळ, कारण ठिसूळ हाडात बरेचसे बिघाड इथेच होतात. पायलट भोक, म्हणजे स्क्रूआधी ड्रिलने पाडलेलं भोक, साधारण गाभ्याएवढंच हवं. बाहेरच्या व्यासाच्या सुमारे ७० टक्क्यांच्या पुढे भोक गेलं की पकड झपाट्याने घसरते. ६.५ ला ३.२ चं भोक हे गुणोत्तर ५० टक्क्यांच्या खाली ठेवतं, म्हणून तो स्क्रू थोडा चुकलेला हातही सांभाळून घेतो. ५.० लॉकिंगला ४.३ चं भोक म्हणजे ८६ टक्के. हाडातल्या पकडीच्या बाबतीत तिथे चुकीला जागा नाही. ड्रिल डुललं, घसरलं, बोथट असलं, की त्याचे ०.३ मिमीचे आटे हवेत फिरतात.

फार विरळ हाडात फक्त वरचं टणक कवच भेदायचं आणि पुढे स्क्रूलाच वाट काढू द्यायची, ही पद्धत चांगली. कवचाआतल्या हाडकाड्या ड्रिलने भुगा होऊन बाहेर जाण्याऐवजी बाजूला दाबल्या जातात आणि आट्याभोवतीची जाळी उलट दाट होते. टॅपचं, म्हणजे स्क्रूआधी हाडात आटे पाडणाऱ्या हत्याराचंही तसंच. कवचाला टॅप मारायचा, आत नाही. आतपर्यंत टॅप मारला की भोकाचं आकारमान वाढतं. फोमवरच्या मोजमापांत त्याने सरासरी ८ टक्के पकड गेलेली दिसते. ड्रिल मात्र नवं आणि पाण्याची धार चालू हवी. हाडाचं तापमान ४७ अंश सेल्सियसवर मिनिटभर राहिलं तरी पेशी मरतात, आणि मेलेलं हाड काही आठवड्यांत आट्यांपासून सुटतं. त्या सुटण्याचा दोष मग स्क्रूच्या नावावर जातो.

पीळ देताना हाताला काय कळतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. टणक हाडात डोकं टेकलं की विरोध एकदम चढतो आणि मर्यादेपर्यंत चढत राहतो. हाताला इशारा मिळतो. जाळीदार हाडात डोकं टेकल्यावर विरोध थोडा वाढतो, मग तिथेच थबकतो. आवळतोय तरी जोर वाढत नाहीये, असं वाटलं तो क्षण. तिथे थांबलं तर आटे शाबूत राहतात. ‘अजून थोडं’ म्हणून पुढचा पाव फेरा दिला की आट्यांमधला हाडाचा दंडगोल गाभ्याभोवती कापला जातो, विरोध कोसळतो आणि स्क्रू दोन बोटांनी फिरतो. बसवायला लागणारा पीळ आणि आटे मारणारा पीळ यांच्यातलं अंतर विरळ हाडात फारच कमी असतं. हाताचा अंदाज घेणाऱ्या प्रयोगांत सर्जन आटे मरायच्या पिळाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास सवयीने जातात असं दिसलं आहे, आणि पुलआउटची ताकद तर त्याच्या आधीच, ७० टक्क्यांच्या सुमाराला, जमेल तेवढी झालेली असते. त्यापुढचा पीळ फक्त धोका वाढवतो. म्हणून दोन बोटं आणि अंगठा, मनगट नाही. सगळ्यात वाईट सवय कोणती म्हणाल, तर आटे गेलेला स्क्रू तसाच सोडून देण्याची: पकडीचा बहुतांश भाग गेलेला असतो आणि शेजारच्या स्क्रूवर जास्तीचं काम पडतं.

आटे गेले की काय करायचं? रूढ उपाय आहे ३.५ कॉर्टिकलच्या जागी ४.० कॅन्सेलस आणि ४.५ च्या जागी ६.५ घालायचा. दुसरी अदलाबदल निर्धास्त करावी; दोघांचा गाभा जवळपास सारखाच आहे आणि व्यास दोन मिलिमीटरने वाढतो. पहिली अदलाबदल डोळे उघडे ठेवून. ४.० कॅन्सेलसचा गाभा फक्त १.९ मिमी आहे, ३.५ कॉर्टिकलचा २.४. वाकताना तुटण्याची ताकद गाभ्याच्या घनावर अवलंबून असते, म्हणजे ती निम्म्यावर येते. सरळ ओढीत जेमतेम २८ टक्के फायदा आणि वाकण्यात निम्मा तोटा. घोट्याच्या आतल्या हाडाचा तुकडा दाबून धरायला हा स्क्रू उत्तम. प्लेटच्या टोकाला, जिथे आडवा भार सगळ्यात जास्त, तिथे नको. तिथे शक्य असेल तर लांब स्क्रू घेऊन पलीकडचं कवच गाठावं. स्वतः आटे पाडणारा स्क्रू असेल तर टोकाशी खाचा असतात, त्या भागाला पूर्ण आटे नसतात. म्हणून टोक पलीकडच्या कवचातून एक-दोन मिलिमीटर बाहेर आलं तरच ते कवच मोजायचं.

दाबून जुळवायच्या ६.५ मध्ये १६ मिमी आणि ३२ मिमी अशा दोन लांबीचे आटे मिळतात, बाकी दांडा गुळगुळीत ४.५ चा. सगळे आटे फटीच्या पलीकडे जायला हवेत. एक जरी आटा अलीकडे राहिला तर तो फट तशीच धरून ठेवतो आणि कितीही आवळा, तुकडे जवळ येत नाहीत. विरळ हाडात मात्र जागा असेल तर ३२ चाच. वरच्याच सूत्राने ग्रेड १० मध्ये दर मिलिमीटरला सुमारे २८ न्यूटन मिळतात, म्हणजे १६ ला साडेचारशे आणि ३२ ला नऊशे. आणि वॉशर विसरू नये. सांध्याजवळचं कवच अंड्याच्या टरफलाइतकं पातळ असतं. ८ मिमीचं डोकं त्यात खचतं आणि मिळवलेला दाब एका क्षणात जातो. १३ मिमीचा वॉशर टेकणारं क्षेत्रफळ जवळपास तिप्पट करतो. संपूर्ण सेटमधली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी.

पोकळ स्क्रूबद्दल थोडक्यात. वायर आधी नीट जागी घालता येते ही मोठी सोय, पण मधून बोगदा काढायचा म्हणजे गाभा जाड करावा लागतो, आणि त्याच व्यासात आटा उथळ होतो. पकड थोडी कमी मिळणार हे धरून चालावं. मांडीच्या हाडाच्या मानेसाठी ६.५ ते ७.३ चे तीन स्क्रू, उलट्या त्रिकोणात, आटे पूर्णपणे मांडीच्या हाडाच्या गोळ्यात आणि टोक सांध्याखालच्या दाट थरापासून साधारण ५ मिमीवर. इथे स्क्रूच्या ब्रँडपेक्षा टोकाची जागा कितीतरी जास्त बोलते. खुब्याच्या मोठ्या लॅग स्क्रूसाठी (तुकडे ओढून दाबून धरणाऱ्या स्क्रूसाठी) बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिलेलं माप आजही वापरतात: समोरून आणि बाजूने घेतलेल्या एक्स-रेवर टोकापासून गोळ्याच्या शिखरापर्यंतचं अंतर, दोन्हींची बेरीज, एक्स-रेमध्ये चित्र मोठं दिसतं तो फरक काढून टाकल्यावर, २५ मिमीच्या आत. त्याबाहेर गेलं की महागातला स्क्रूही गोळा फाडून वर येण्याचा धोका वाढतो.

मणक्यातल्या सिमेंटच्या स्क्रूचं आम्हाला कौतुकही आहे आणि धास्तीही. बाजूच्या भोकांतून पीएमएमए हे अॅक्रिलिक सिमेंट जाळीत घुसतं आणि आट्यांभोवती एक टणक गोळा तयार होतो. विरळ हाडात पकड ठळकपणे वाढते. प्रत्येक स्क्रूला १ ते ३ मिली पुरतं. त्याहून जास्त घातल्याने पकडीत विशेष भर पडत नाही, गळती मात्र वाढते. सिमेंट पातळ असताना ढकललं तर ते शिरांत पळतं. टूथपेस्टसारखं घट्ट झाल्यावर, सी-आर्मखाली, म्हणजे चालू एक्स-रेवर, नजर ठेवून, थोडं थोडं ढकलायचं. भोकं मणक्याच्या पुढच्या भागात येतील इतका स्क्रू आत हवा, नाहीतर सिमेंट मज्जारज्जूच्या बाजूला येतं. घट्ट होऊ लागल्यावर स्क्रूला हात लावायचा नाही. उंची बदलायची असेल तर ती आधी, कारण बसलेल्या सिमेंटमध्ये पाव फेराही दिला तर सिमेंट आणि स्क्रू यांची गाठ सुटते. शंकूच्या आकाराच्या गाभ्याचे मणक्याचे स्क्रूही आता सर्रास मिळतात. ते आत जाताना हाड दाबत जातात, पण मागे फिरवले की गाभा हाडापासून सुटू शकतो. जास्त आत गेला म्हणून अर्धा फेरा मागे घ्यायची मुभा त्यांना नाही.

धातूच्या निवडीवर जेवढा वाद होतो तेवढा तो इथे महत्त्वाचा नाही. स्टीलचा ताठपणा १९० गिगापास्कलच्या पुढे, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास, आणि जाळीदार हाडाचा बहुतेकदा एकाच्याही खाली. हाडाच्या दृष्टीने दोन्ही दगडच. फरक पडतो तो काढताना. टायटॅनियमवर हाड जास्त घट्ट चिकटतं आणि त्याचं लॉकिंग डोकं जास्त आवळलं गेलं असेल तर प्लेटमध्ये जाम होतं. षटकोनी खाचेपेक्षा तारेच्या आकाराची खाच, ५.० ला टी२५ आणि ३.५ ला टी१५, नक्कीच सरस. षटकोनी खाचेचे कोपरे एकदा गोल झाले की डाव्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर शोधावा लागतो. ड्रायव्हर लावण्याआधी खाचेतलं मांस आणि हाड टोकदार हुकाने खरवडून काढायचं, मग ड्रायव्हर तळापर्यंत ठोकून बसवायचा आणि आधी किंचित आवळून मगच उलटा फिरवायचा. अर्ध्या आट्यांचा ६.५ वर्षभरानंतर काढायचा असेल तर गुळगुळीत दांड्याभोवती ४.५ मिमीचं हाड भरलेलं असतं आणि मागच्या ६.५ च्या आट्यांना त्यातून उलटी वाट कापावी लागते. आट्यांच्या मागच्या बाजूलाही कापणाऱ्या खाचा असलेला स्क्रू घेतला असेल तर तो सावकाश बाहेर येतो. नसेल तर दांडा आणि आटे जिथे मिळतात तिथेच तुटतो, म्हणून पोकळ करवतीचा सेट निर्जंतुक करून टेबलावर हवा.